गुरुजींची आकड्यांची वही

गुरुजींना वजन करायला बाहेर पाठवलं, तशा काकू खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, “ह्यांच्यासमोर बोलता येईना. हे मटका लावायलेत, डॉक्टरसाहेब. माझी बोरमाळ गेली.”

मी बेळगावात मेंदूविकारांचे रुग्ण तपासतो. खानापूर तालुक्यातलं हे जोडपं कंपवातासाठी माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. औषधं आधी दुसरीकडे सुरू झालेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, माळकरी. आयुष्यात पत्त्यांना हात लावला नाही. आता गावात कुजबुज, की म्हातारपणी गुण उधळले. गोव्यात नोकरीला असलेल्या मुलानं बोलणं टाकलं होतं. भावकीत कुणी करणी म्हणालं, म्हणून सौंदत्तीच्या यल्लम्मालाही जाऊन आले होते.

काकूंनी पिशवीतून वही काढली. मूळची घरखर्चाची, रकाने हजेरीपटासारखे सरळ आखलेले. कंपवातात अक्षर बारीक होत जातं. सुरुवातीच्या पानांवर दूध, किराणा, वीजबिल अशा नोंदी होत्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढं. पुढे एका पानापासून अक्षर मोठं, ठसठशीत झालेलं. त्याच्या पुढच्याच पानावर नवे रकाने: ओपन, क्लोज, रक्कम. आधी दहा-वीस रुपये, मग शेकड्यांनी, मग हजारांनी. मी औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या तारखा वहीशेजारी ठेवून पाहिल्या. प्रामिपेक्सोल या गोळीचा डोस वाढवला होता, त्यानंतर काही आठवड्यांतच पहिला आकडा लावला होता. हाताला आराम देणारी गोळी आणि मटका एकाच वहीत, एकाच सुमारास.

कंपवातात डोपामिन, म्हणजे मेंदूत निरोप पोहोचवणारं एक रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हालचालींवर ताबा ठेवणारा भाग त्यामुळे उपाशी राहतो. प्रामिपेक्सोल डोपामिनची नक्कल करते आणि हात-पाय मोकळे होतात. पण डोपामिनचं काम तेवढंच नाही. मेंदूत खोलवर न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाचा भाग आहे. हवंहवंसं वाटणं, ओढ लागणं याचा मोठा कारभार तिथून चालतो. या आजारात तो भाग त्यामानाने शाबूत असतो, म्हणून हातासाठी दिलेला डोस तिथे जास्त होतो. शिवाय ही गोळी डोपामिनच्या ज्या डी-३ ग्राहींना (पेशींवरच्या, डोपामिन जिथे चिकटतं त्या जागांना) विशेष चिकटते, ते तिथेच दाट असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात, या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणं किंवा अनावर कामेच्छा यांपैकी काहीतरी आढळलं. न घेणाऱ्यांत ६.९ टक्के.

गुरुजी आत आल्यावर मी वही उघडीच ठेवली. त्यांनी मान खाली घातली. बऱ्याच वेळानं म्हणाले, “सातावर लावला होता, आठ आला. जवळच होतो की.” हे बोलताना चेहऱ्यावर उजेड आला, तो मी विसरलेलो नाही. सात लावून आठ येणं आणि सात लावून दोन येणं, तोटा सारखाच. गणित शिकवलेल्या माणसाला हे सांगायला नको. पण थोडक्यात हुकल्यावरही मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा जागी होते. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की ठरलेल्या बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला डोपामिनच्या पेशी अधिक जोरात प्रतिसाद देतात. मटक्याचा सगळा धंदा त्या अनपेक्षितावरच उभा आहे.

गोळी एकदम बंद करता येत नाही. जीव कासावीस होतो, उदासी येते. टप्प्याटप्प्यानं कमी केली, लेव्होडोपा (मेंदूत गेल्यावर जिचं डोपामिन होतं ती गोळी) वाढवली, पेन्शनचं पासबुक काकूंकडे दिलं. थरथर थोडी वाढली, ती गुरुजींनी सोसली. काही महिन्यांनी म्हणाले, “त्या टपरीवरनं जातो, पण पाय थांबत नाहीत.”

या गोळीवरचा प्रत्येक जण जुगारी होत नाही. तरुण वय, धूम्रपान, घराण्यात जुगार असेल तर धोका वाढतो. म्हणून सगळं गोळीवर ढकलणंही मला पटत नाही. पण त्याच टपरीवर गोळी न घेणारेही उभे असतात आणि त्यांच्या डोक्यातही हीच यंत्रणा असते. निपाणीची तंबाखू याच यंत्रणेला हात घालते. ‘मनावर घेतलं की सुटतं’ असं कुणी ठणकावून सांगितलं की मला राग येतो. गुरुजींनी मनावर घेतलं नव्हतं का? माळेची शपथ घेऊन ते दोनदा परत गेले होते.

मुलगा पुढच्या तपासणीला आला. वहीतल्या आणि चिठ्ठीवरच्या तारखा त्यानं स्वतः जुळवून पाहिल्या. सोसायटीचं कर्ज आता तो फेडतोय. बोरमाळ परत आलेली नाही.

हे औषध चालू असलेल्या प्रत्येकाला मी विचारतो, घरचं माणूस शेजारी बसवून, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये: पैसे लावता का, खरेदी वाढली का, रात्री उठून खाता का? कामेच्छेचा प्रश्न एकट्याला बाजूला घेऊन. हल्लीच हुक्केरीकडच्या एका शेतकऱ्यानं पहिला प्रश्न ऐकून बायकोकडे पाहिलं आणि मग मोबाइलवरच्या रमीबद्दल सांगायला लागला.