कोनंट रस्ता, थोडा आणखी उत्तरेला

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आणि मासे खाणाऱ्या मराठी माणसाला कोनंट रस्ता कोणीतरी दाखवतोच. हॅमट्रॅमिक नावाच्या छोट्या शहरातून हा रस्ता जातो. तिथे बांगलादेशी दुकानं एकाला एक लागून आहेत. हिलसा, पापलेट, सुकी मासळी, कोहळा, लाल माठ, सगळं मिळतं. रस्त्याच्या त्या भागाला ‘बांगलादेश ॲव्हेन्यू’ असं मानाचं नावही दिलेलं आहे. आम्ही उपनगरांतली मंडळी डिकीत आइसबॉक्स टाकून जातो, मासे घेतो आणि हायवे पकडून ट्रॉयला, नाहीतर नोव्हायला परततो.

त्याच रस्त्याने न वळता सरळ उत्तरेला गेलं, तर काही मिनिटांत कोनंट गार्डन्स ही वस्ती लागते. आपल्यातलं फारसं कोणी तिथवर जात नाही. जेम्स डेविट यान्सी तिथे वाढला. जग त्याला जे डिला म्हणून ओळखतं: हिप-हॉपचा, म्हणजे रॅप गाण्यांमागचं संगीत आणि ठोके रचणारा निर्माता. आज त्याच्याबद्दल आणि त्याच्या ‘वेलकम टू डेट्रॉइट’ या अल्बमबद्दल लिहायचं आहे, कारण इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी या शहराची इतकी चांगली ओळख मला दुसऱ्या कशानेच करून दिलेली नाही.

आधी थोडं शहराबद्दल. इथे पूर्व-पश्चिम मोठे रस्ते मैलांनी ओळखतात. आमच्या ट्रॉयमधला बिग बीव्हर म्हणजे सिक्स्टीन माइल, त्याच्या खालचा मेपल म्हणजे फिफ्टीन. उतरत उतरत एट माइल आला की डेट्रॉइट शहराची हद्द सुरू होते. पुण्या-चिंचवडहून गाड्यांच्या कंपन्यांत आलेल्या प्रत्येक नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, एट माइलच्या खाली उगाच जाऊ नकोस. 1950 मध्ये या शहरात 18 लाख 49 हजार माणसं होती. 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजार उरली. 2013 मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. पडक्या घरांचे आणि ओस पडलेल्या रेल्वे स्टेशनचे फोटो जगभर फिरले. तुमच्यापैकी बहुतेकांनी डेट्रॉइट पाहिलं असेल ते त्याच फोटोंमध्ये.

कोनंट गार्डन्सची गोष्ट त्या फोटोंत बसत नाही. शुबेल कोनंट हा एकोणिसाव्या शतकातला डेट्रॉइटचा व्यापारी गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला माणूस होता. वस्तीला नाव त्याचं. शहरात इतरत्र बऱ्याच ठिकाणी खरेदीखतातच अट असायची, की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. इथल्या जमिनींवर ती अट नव्हती. म्हणून शिक्षक, टपाल खात्यातली माणसं, छोटे व्यावसायिक अशा काळ्या कुटुंबांनी इथे स्वतःची घरं बांधली. पुढे अंगण, मागे गॅरेज, खाली तळघर. डिलाच्या घरात संगीत होतंच. वडील बेस वाजवायचे, आई मॉरीन ऑपेरा गायलेल्या. शेजारपाजारी अँप फिडलर हा मोठा वादक होता. त्याने वस्तीतल्या पोरांना आपल्या घरातली यंत्रं वापरू दिली. एमपीसी हे सँपलरचं यंत्र (जुन्या रेकॉर्डमधले आवाजाचे तुकडे कापून त्यांतून नवा ताल जुळवायचं) डिलाने पहिल्यांदा त्याच्याकडे हाताळलं. 1994 मध्ये क्यू-टिप या न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या रॅपरशी त्याची ओळखही अँप फिडलरनेच करून दिली आणि तिथून न्यूयॉर्कचे दरवाजे उघडले.

2001 उजाडेपर्यंत डिला इतरांसाठी इतकं काम करून बसला होता, की जाणकारांच्या तोंडी त्याचं नाव होतं आणि सामान्य श्रोत्याला ते ठाऊक नव्हतं. स्लम व्हिलेज हा त्याचा शाळेच्या वयापासूनचा गट. कॉमन या रॅपरच्या 2000 सालच्या अल्बममधलं बरंच संगीत त्याचं. तेव्हा लंडनच्या बीबीई या कंपनीने एक मालिका काढायचं ठरवलं: निर्मात्याला पूर्ण मोकळीक, हवं ते करा. त्या मालिकेतला पहिला अल्बम म्हणजे हा. 27 फेब्रुवारी 2001 ला तो बाजारात आला.

मोकळीक मिळाल्यावर त्याने काय केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याला मोठी नावं बोलावता आली असती, ओळखी होत्याच. त्याने आपल्या शहरातली माणसं आणली. फ्रँक-एन-डँक हे त्याचे लहानपणीचे मित्र. फॅट कॅटबरोबर त्याने नव्वदच्या दशकात जोडीने रेकॉर्ड केलं होतं. एल्झाय तेव्हा मिशिगनबाहेर कोणाला माहीत नव्हता. ‘कम गेट इट’ ऐका, शब्दांवर काय हुकमत आहे त्याची! पुढे तो स्लम व्हिलेजमध्ये गेला आणि आजही उत्तम लिहिणाऱ्या रॅपरांत त्याची गणना होते. यजमानाने दार उघडावं आणि स्वतः पुढे न येता घरातल्या एकेकाची ओळख करून द्यावी, तसा हा अल्बम चालतो. डिला स्वतः रॅप करतो, पण मोजकं. आपल्याकडे डेट्रॉइट आणि रॅप म्हटलं की एमिनेमच आठवतो, ते स्वाभाविकही आहे. पण त्याच वर्षांत त्याच शहरात हे दुसरं, शेजारधर्माचं जग चालू होतं.

शहराचा इतिहासही यात आहे, पण कोणी भाषण करत नाही. ‘थिंक ट्वाइस’ हे मुळात डोनाल्ड बर्डचं गाणं. बर्ड डेट्रॉइटचाच, 1932 चा जन्म, इथल्या कॅस टेक शाळेत शिकलेला ट्रम्पेटवादक. डिलाने त्याचा तुकडा कापून वापरला नाही, ते अख्खं गाणं पुन्हा उभं केलं, डेट्रॉइटच्याच ड्वेले या गायकाच्या साथीने, आणि स्वतः गायला. पुढे एका जागी क्राफ्टवर्क या जर्मन गटाच्या ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ची चाल येते. बाहेरच्याला वाटेल हे जर्मन इथे कुठून आले. पण इथल्या रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ नावाचा निवेदक ऐंशीच्या दशकात क्राफ्टवर्क आणि फंक एकाच रात्री वाजवायचा, आणि तेच ऐकत वाढलेल्या काळ्या मुलांनी टेक्नो संगीत जन्माला घातलं. मध्येच ब्राझीलचा बोसा नोव्हा, शेवटाकडे आफ्रिकी ताल. डेट्रॉइट म्हणजे मोटाउन ही जुनी रेकॉर्ड कंपनी आणि तिची गाणी, एवढ्यावर थांबणाऱ्या पाहुण्यांना मी आता हा अल्बम ऐकवते. मोटाउनचं संग्रहालय दाखवतेच, ती जागा सुंदर आहे. पण ती कंपनी 1972 मध्ये लॉस एंजेलिसला गेली. त्यानंतर शहर गप्प बसलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, ताल. एमपीसीवर सोळा पॅड असतात, त्यावर बोटांनी ठोके वाजवून रेकॉर्ड करायचे. तुमचा ठोका थोडा इकडेतिकडे पडला तर यंत्र तो ओढून जागेवर बसवतं. बहुतेक जण ती सोय चालू ठेवायचे. डिला ती अनेकदा बंद ठेवायचा, किंवा एका वाद्यापुरती वेगळी लावायचा. त्यामुळे हाय-हॅट (झांजांची जोडी) सरळ चालतो, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) किंचित घाईत येतो आणि खालचा किक ड्रम आपल्याच तंद्रीत फिरतो. पहिल्यांदा ऐकताना काहीतरी सैल आहे असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मान डोलायला लागते. मी सिंधुदुर्गातली. डबलबारीच्या भजनात मुरलेला पखवाजवाला ठेका केसभर मागे खेचून धरतो, समेवर मात्र नेमका येतो, आणि समोरची सगळी माणसं डोलतात. तो कान मला उपयोगी पडला असं मला मनापासून वाटतं. या तालाचा परिणाम पुढे ड्रम वाजवणाऱ्या खऱ्या माणसांवर झाला. जाझचे ड्रमर आज मुद्दाम या यंत्रासारखं वाजवायला शिकतात. आणि पुण्यात अभ्यास करताना तुमची मुलं तासन्‌तास जे लो-फाय बीट्स लावून बसतात, त्यातला तो सैल, रेंगाळता ठोका बराचसा डिलाकडून आलाय.

शब्दांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. काही गाण्यांत शिव्या आहेत, बायकांबद्दल हलकं बोलणं आहे. मला ते आवडत नाही आणि घरात मुलगी असताना ती गाणी मी लावत नाही. संगीत मोठं आहे म्हणून शब्द माफ, असं मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी त्या एकाच अल्बममध्ये आहेत.

त्यानंतर त्याला फार वेळ मिळाला नाही. रक्ताचा एक दुर्मीळ आजार आणि ल्युपस (यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते), दोन्हींनी गाठलं. 2004 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. 7 फेब्रुवारी 2006 ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, ‘डोनट्स’ हा अल्बम आला आणि 10 फेब्रुवारीला तो गेला. लोक सहसा ‘डोनट्स’पासून सुरुवात करतात आणि आजारपणाची कहाणी त्यावर पसरते. माझा आग्रह आहे की आधी ‘वेलकम टू डेट्रॉइट’ ऐका. यात तो धडधाकट आहे, मित्रांच्या घोळक्यात आहे, आणि आपल्या गावाचा त्याला अभिमान आहे.

त्याच्या आईने त्याचं एमपीसी 3000 यंत्र वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिलं. उन्हाळ्यात आई-बाबांना वॉशिंग्टन दाखवायला नेणारे पुष्कळ जण हे वाचतात, त्यांनी ते जरूर शोधा. आणि फेब्रुवारीत डेट्रॉइटला असाल तर त्याच्या नावाने होणाऱ्या मैफलींपैकी एखादी गाठा. थंडी कडाक्याची असते, पण आत पन्नाशीतले काका-काकू आणि कॉलेजची पोरं एकाच ठोक्यावर नाचतात.

ऐकायचं कसं? मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालचा बेस त्यात ऐकूच येत नाही. चांगले हेडफोन लावा किंवा गाडीत ऐका. ‘थिंक ट्वाइस’पासून सुरू करा, मग ‘कम गेट इट’, मग पहिल्यापासून सगळं सलग. आणि इकडे आलात तर कळवा. कोनंटवर मासे घेऊ आणि तिथून पुढे कोनंट गार्डन्सला, सेव्हन माइलपर्यंत जाऊ.