गेटवरचा फोन आणि सोमालियाचं बिल

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन बाहेरच्या लाइनशी जोडणारं मशीन, आमच्या एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात होता. दिवाळीनंतरच्या महिन्यात त्यांच्या अकाउंटंट मॅडमचा फोन आला. एरवी वीस-बावीस हजारांवर न जाणारं टेलिफोनचं बिल पाच लाखांच्या वर गेलं होतं. "तुम्ही लगेच या, साहेब वॉचमनला पोलिसांत द्यायला निघालेत."

वॉचमनवर संशय यायला कारण होतं. ईपीएबीएक्सला सिरियल केबलने जोडलेला एक जुना संगणक रिसेप्शनवर होता, त्यातल्या सॉफ्टवेअरमधून मॅडमनी रिपोर्ट काढला होता. कारखाना लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत बंद. त्या रात्रींत एक ते पाचच्या दरम्यान पानंच्या पानं भरतील इतके आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल, आणि प्रत्येकापुढे 'ऑपरेटर' छापलेलं. रात्री नाइट मोड लागला की ऑपरेटर म्हणजे गेटवरचा फोन. तिथे वॉचमन मामा एकटेच.

मालकांनी माझ्यासमोरच त्यांना झापलं, "कुठे बोलत होतास रात्रभर?" मामा बिचारे अहमदपूरकडचे. त्यांना सोमालिया देश आहे की गाव, हेही ठाऊक नसावं.

मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि टेलिफोन कंपनीकडून आलेलं तपशिलाचं बिल मागितलं. ००२५२ सोमालिया, ००२३२ सिएरा लिओन, ००५३ क्युबा. या कारखान्याचा माल जायचा जर्मनीला आणि आखाती देशांत. क्युबाशी यांचा काय संबंध? त्यात एकेका मिनिटाला सुरू असलेले कॉल मोजायला लागलो, तर कुठे नऊ, कुठे बारा. गेटवर फोन एक, मामा एक. बारा ठिकाणी एकाच वेळी बोलायचं कसं? मालक जरा गप्प झाले, पण "मग त्याने कुणाला तरी आत घेतलं असेल" हेही म्हणालेच.

मला खटकलं ते वेगळंच. कारखान्याची बाहेरची लाइन पीआरआय होती, आणि पीआरआयवर तीस चॅनल असतात, एका चॅनलवर एका वेळी एक कॉल. तीस कॉल एकदम जायला हरकत नव्हती. चोराला मोकळं रान होतं, तरी अगदी भर वेळेलाही पंधराच्या वर एकही कॉल नाही. पंधरा म्हणजे तिसाचे बरोबर निम्मे. म्हणजे प्रत्येक कॉल दोन चॅनल खात होता, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. कॉल कारखान्यातून लागतच नव्हते. कुणीतरी बाहेरून आत येऊन पुन्हा बाहेर जात होतं.

रिसेप्शनवरच्या सॉफ्टवेअरला इनकमिंग न दाखवण्याचं फिल्टर लावलेलं होतं. ते काढलं. एक वाजून बारा मिनिटांनी आत आलेला कॉल, त्याच मिनिटाला सोमालियाला गेलेला कॉल, दोन्ही एकाच वेळी तुटलेले. अशा जोड्याच जोड्या. एक्स्टेन्शनचा, म्हणजे आतल्या फोनच्या नंबराचा रकाना दोन्हीकडे रिकामा. आणि ज्याला एक्स्टेन्शन नाही तो ऑपरेटर, असं ते सॉफ्टवेअर आपल्या अकलेने छापत होतं!

दार सापडलं डिसामध्ये. डिसा म्हणजे बाहेरून ठरावीक नंबरावर फोन लावायचा, पिन दाबायचा, की ईपीएबीएक्सचा डायल टोन मिळतो. पुढे कुठेही फोन करा, बिल कंपनीच्या लाइनवर. पूर्वीचे एक्स्पोर्ट मॅनेजर रात्री घरून परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचे, त्यांच्यासाठी ही सोय आमच्या आधीच्या एएमसीवाल्याने करून दिली होती. मॅनेजर कधीच सोडून गेले. पिन राहिला, आणि तोही १२३४. माणूस गेला की कंपन्या त्याचं आयकार्ड आठवणीने काढून घेतात, कोड मात्र कुणी मागत नाही.

यात चोराला कुणाशी बोलायचं नसतंच. पलीकडे बहुधा नुसती रेकॉर्ड वाजत असते. तिथल्या काही नंबरांवर येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे नंबर घेणाऱ्याला वाटा मिळतो, म्हणून कॉल जितका लांबेल तितकी कमाई. सुट्ट्या बघून हात मारतात, कारण चार दिवस कुणी काही बघत नाही.

मी मामांना विचारलं, त्याआधी काही वेगळं घडलं होतं का? "व्हय की. धनत्रयोदशीच्या रात्री सारखी रिंग यायची, उचललं की कट. सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणला झोप काढा मामा." चोर नंबर चाचपत होता तेव्हाच्या त्या रिंगा. लॉगमध्ये त्यांच्या वेळा सापडल्या, मी मालकांना दाखवल्या. त्यांनी मामांना आत बोलावून चहा सांगितला. माफी वगैरे नाही.

डिसा बंद केलं, बाहेरून आलेला कॉल परत बाहेर जोडणारं ट्रंक टू ट्रंक तोडलं, नाइट मोडमध्ये बाहेरचे कॉल अडवले. गोडाउनच्या एका एक्स्टेन्शनवर बाहेरच्या नंबराला फॉरवर्ड लावायची मुभा होती, तीही काढली. टेलिफोन कंपनीचं म्हणणं एकच, कॉल तुमच्या मशीनमधून गेले, पैसे तुम्हीच भरा. बरीच पत्रापत्री झाल्यावर हप्ते बांधून मिळाले, सूट दमडीची नाही.

एक्स्चेंजमधूनच आयएसडी बंद करायचा अर्ज लिहायला बसलो, तेव्हा मी मॅडमना विचारलं, कामासाठी लागेल का परत? त्यांनी मागची बिलं चाळली. वर्षभरात कारखान्याने स्वतः एकही आयएसडी लावला नव्हता. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.