आमची वाटचाल : ‘इतर’ नावाचा कप्पा

७५ एमएमचा पीव्हीसी पाइप बाहेरून टेप लावून मोजला तर तीन इंचाला जरासाच कमी भरतो. आमच्या हार्डवेअरच्या धंद्यात मात्र त्याला अडीच इंची म्हणतात. तीन इंची म्हणजे ९०. दुकानदाराला हे पाठ असतं, शेतकऱ्याला कुठून असणार?

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. एका काकांनी घरी टेप लावला आणि दुकानात येऊन तीन इंची बारा सॉकेट, म्हणजे पाइपाला पाइप जोडायचे तुकडे, मागितले. आमच्या पोऱ्यानं ९० चे काढून दिले. दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन हजर. पोऱ्या म्हणाला, “काका, तुमीच तं तीन इंची मांगतले.” काका म्हणाले, “मांगतले ना बापू. पन पाइप कोनता हाये, हे तू इचारलं काय?” शेतावर थ्री फेज लाइन, म्हणजे मोटारीला लागणारी वीज, रात्रीची होती. त्यांची एक रात्र कोरडी गेली. माल बदलून दिला, चहा पाजला, पण मान खालीच होती.

आमचं दुकान यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याला. बाबांनी १९८६ मध्ये सुरू केलं तेव्हा माल म्हणजे खिळे, तार, फावडी, सब्बल, वखराच्या पासा आणि दोर. शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी रेल्वेगाडी, धावत होती तेव्हा बाबा मूर्तिजापूरहून खिळ्यांची पोती तिच्यात टाकून आणत. पुढे विहिरींवर मोटारी आल्या, पाइप आले, मग बोअर, मग ठिबक. माल वाढत गेला आणि जिथे जागा सापडली तिथे बसत गेला. कुठे काय आहे याची यादी फक्त बाबांच्या डोक्यात.

२०१९ मध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस ते दुकानात नव्हते. त्या पंधरा दिवसांत मी दिवसाला वीस-वीस फोन केले असतील. “बाबा, पाऊण इंची वायसर?” “जिन्याखालच्या तेलाच्या डब्यात.” “बाबा, डब्यात तर कॅपॅसिटर आहेत.” “त्याच्या मागच्या.” डोळ्यावर पट्टी त्यांच्या होती, पण आंधळी कोशिंबीर आम्ही खेळत होतो.

तसा कॉम्प्युटर जीएसटीसोबतच, २०१७ च्या जुलैत आला होता. पण मी त्यात मालाचे वर्ग पाडले ते कराच्या दरानं. फावडी शून्यात, पाइप १८ मध्ये, मोटारपंप १२ मध्ये. बिलाला ते ठीकच होतं. पण जुलै २०२२ ला पंप १८ मध्ये गेला. रॅकवरून इंचभर न हलता त्यानं वर्ग बदलला! ठिबकची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली नळी, तर १८ वरून १२ वर आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ वर आली. एकाच शेतात जाणारा पाइप आणि नळी माझ्या यादीत दोन टोकांना. आणि ज्याचा दर पटकन सापडला नाही ते सगळं मी ‘इतर’मध्ये टाकलं होतं. एकदा त्याची प्रिंट काढली तर नऊ पानं आली. आमच्या दुकानात सगळ्यात मोठा वर्ग ‘इतर’च होता.

मधे कंपनीवार मांडणीही करून पाहिली. सेल्समन लोक खूश, फुकटात बोर्ड लावून गेले. पण एकाच मापाचे सॉकेट तीन ठिकाणी. एका रॅकवरचे संपले की आम्ही ‘संपले’ म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारात ऑर्डर द्यायचो, आणि दुसऱ्या रॅकवर दोन पेट्या धूळ खात. ऑर्डर नागपूरहून आल्यावर त्या दिसायच्या.

सॉकेटवाल्या काकांनंतर मी दुकानात एक वही ठेवली. गिऱ्हाईक काय मागतं ते त्याच्याच शब्दात लिहायचं. महिन्याभरात लक्षात आलं की माणूस आधी काम सांगतो, वस्तू नंतर. “बोअरात मोटर सोडाची हाये.” “गोठ्यात नळ घ्याचा हाये.” “लाइन फुटली.” मग वर्ग तसेच पाडले : विहीर, बोअर, शेतातली लाइन, ठिबक, घरचा नळ, गोठा, छप्पर, हत्यारं. फूट वॉल्व्ह, म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाची झडप, विहिरीच्या कप्प्यात. बिलावर नाव फूट वॉल्व्ह, पण शोधायला ‘फुटबॉल’ टाकलं तरी तेच उघडतं, कारण इकडे कोणी दुसरं काही म्हणतच नाही. मोटार बोअरात सोडल्यावर फुटबॉल लागत नाही. तो कप्पा वेगळा झाला तेव्हा कळलं, आपल्याकडे पितळी फुटबॉलांची केवढी रक्कम अडकली आहे. लोक बोअर खोदत होते आणि आम्ही विहिरीचा माल भरत होतो.

पाइपाचं नाव आता असं लिहितो : आधी एमएम, मग इंच, मग किलो. ‘७५ – अडीच इंची – ६ किलो’. (हे किलो वजनाचे नाहीत, दाबाचे आहेत, हे रोज कुणाला तरी सांगावं लागतं. एकानं तर वजनकाटा मागितला होता.) काउंटरवर ६३, ७५, ९० आणि ११० चे वीतभर तुकडे तारेत ओवून ठेवलेत. मागणाऱ्याच्या हातात तुकडा द्यायचा, मगच सॉकेट काढायचा.

पाइप चिकटवायचं सोल्युशन आणि टेफलॉन टेप सगळ्याच कामांना लागतं, त्यांना गल्ल्याजवळ स्वतंत्र कप्पा दिला. प्रत्येक कप्प्यात खडूची एक रेघ आहे. माल रेघेखाली गेला की पोऱ्या वहीत लिहितो. कॉम्प्युटरही सांगतो, पण खडू लाइट गेल्यावरही दिसतो.

हंगामी माल मात्र कामात बसेना. पोळ्याच्या वेसणी आणि घुंगरमाळा, उन्हाळ्यातलं कूलरचं गवत आणि पंप. हा माल चार आठवडे पळतो आणि मग वर्षभर झोपतो. त्याला तारीख लावली : होळीच्या आधी कूलर बाहेर, मृग लागला की उरलेलं माळ्यावर. पहिल्या वर्षी गवताच्या गठ्ठ्यांत उंदरांनी संसार थाटला. आता ते पत्र्याच्या पेटीत जातं.

बाबा अजून रोज सकाळी येऊन बसतात. पहिले काही महिने ते नव्या कप्प्यातला माल उचलून जुन्या जागी ठेवायचे. आम्ही तो परत न्यायचो, बोलायचं कोणीच नाही. शेवटी जिन्याखालचे डबे त्यांच्यासाठी सोडून दिले. डिझेल इंजिनाचे सुटे भाग त्यांतच असतात आणि ते मागणारे जुने लोक थेट बाबांनाच विचारतात.

‘इतर’ आता पाऊण पानावर आलंय. त्यात सगळ्यात वर झटका मशीन आहे, शेताच्या तारेच्या कुंपणात विजेचा हलका झटका सोडणारं. रानडुकरं आणि रोह्यांमुळे (नीलगायींमुळे) त्याला मागणी जोरात आहे. पोऱ्या म्हणतो बॅटरीजवळ ठेवू, बायको म्हणते काटेरी तारेजवळ, बाबा म्हणतात हत्यारांत. सध्या ते गल्ल्यामागे खिळ्याला टांगलंय.