फिल्टरमधलं तेल आणि अंगणाचा उतार

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे २२ किलो श्रीखंडाच्या ऑर्डरी होत्या. चक्का रात्रभर टांगून तयार होता आणि भर दुपारी वीज गेली. जनरेटर दोन ओढींत सुरू झाला, पण आवाज एकसारखा लागेना. चढायचा, दबायचा, पुन्हा चढायचा. सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर येत होता आणि एअर फिल्टरच्या डब्याखालून काळं तेल ओघळून फरशीवर आलं होतं. मी तो तिथेच बंद केला. चक्क्याचे डबे पलीकडच्या गल्लीत जाऊबाईंच्या फ्रिजमध्ये गेले, ऑर्डरी निभावल्या. पण ती दुपार मनातून जाईना.

आमचं घर इंदूरच्या लोकमान्य नगरात. अण्णांनी पहिला जनरेटर घेतला तो २००० साली छत्तीसगड वेगळं झाल्यानंतर. कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि इकडे तासन्तास अंधार असायचा. तेव्हा त्यांच्या शेजारी उकिडवी बसून मी स्पार्क प्लग साफ करायला शिकले. ते सांगायचे, गळती दिसते तिथे नुसतं पुसत बसू नकोस, येते कुठून ते बघ.

पाडवा झाल्यावर डबा उघडला. आतला फोम तेलाने निथळत होता, कागदी फिल्टर काळा आणि जड झाला होता. अशा फिल्टरमधून हवा पुरेशी जात नाही, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून तो आवाज आणि प्लगवर काजळी. ओळखीच्या एका मेकॅनिकने लांबूनच बघून सांगितलं, "दीदी, रिंग गई, बोर कराना पड़ेगा." म्हणजे पिस्टनभोवतीच्या, दाब धरून ठेवणाऱ्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून घासून घ्यावा लागेल. मला ते पटलं नाही. दोरी ओढताना हाताला चांगला घट्ट दाब लागत होता. रिंगा गेल्या असत्या तर तेल भराभर कमी व्हायला हवं होतं. माझ्याकडे तेलाचा गेज कायम भरलेलाच दिसायचा.

पिस्टन खाली येतो तेव्हा इंजिनच्या पोटातली हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते आणि ती नळी थेट फिल्टरच्या डब्यात सोडलेली असते, म्हणजे तेलाची वाफ बाहेर न उडता परत जळून जावी. त्यामुळे नळीच्या तोंडाशी थोडा ओशटपणा दिसला तर घाबरू नये. डब्यात तळं साचत असेल, तर मात्र तेल नळीतून ढकललं जातंय. मी नळी डब्यापासून सोडवून तिच्या तोंडासमोर पांढरा पुठ्ठा धरला आणि अंगणात, मोकळ्या हवेत इंजिन चालवलं. (घरात किंवा बंद ओट्यावर जनरेटर कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.) रिंगा खराब असत्या तर नळीतून दाट धूर सतत आला असता. माझ्या नळीतून हलके हलके फुंकर यावी तशी हवा येत होती, पण पुठ्ठ्यावर तेलाचे थेंब उडत होते.

मग इंजिन थंड होऊ दिलं आणि तेल मापाच्या भांड्यात काढलं. पुस्तिकेत ६०० मिली लिहिलंय. निघालं ७५० च्या आसपास. इतकं आलं कुठून? मी तर प्रत्येक वेळी भोकाच्या काठापर्यंतच भरते. बराच वेळ विचार केला आणि मग नजर फरशीवर गेली. पावसाचं पाणी जावं म्हणून आमच्या अंगणाला मोरीकडे उतार आहे. तेल भरायचं भोक भिंतीच्या बाजूला, म्हणजे उंच बाजूला. तिथे काठापर्यंत भरायचं म्हणजे पोटात जास्तच जाणार. शेजारच्या गवंड्याची पाणसळ आणून ठेवली, बुडबुडा एकदम भिंतीकडे सरकला. इतकी वर्षं मी दर वेळी जादा तेल भरत होते! आता मोरीकडच्या दोन पायांखाली लाकडाच्या पट्ट्या आहेत.

कागदी फिल्टर नवा घातला. तेल प्यायलेला कागद हवा मारून साफ होत नाही. फोम कोमट साबणाच्या पाण्यात धुतला, सावलीत पूर्ण वाळवला, इंजिन ऑइलचे थेंब टाकून घट्ट पिळला. इथेही लोक चुकतात, फोमला भरभरून तेल चोपडतात आणि मग तेच डब्यात उतरतं.

तेल मोजून भरलं तरी दोनदा चालवल्यावर नळीचं तोंड पुन्हा ओलं. आता ब्रीदरचं झाकण खोलणं भाग होतं. आत पातळ स्टीलची पट्टी असते, ती झडपेसारखी उघडझाप करते. ती वाकली किंवा खाली कचरा अडकला तर तेल बाहेर फेकलं जातं. माझी पट्टी सपाट बसलेली होती. पण त्या कप्प्याच्या तळाशी एक बारीक भोक असतं, जमलेलं तेल परत पोटात जायला. ते राखाडी सिलिकॉनने बुजलं होतं. आधी कधीतरी कोणीतरी गॅस्केटऐवजी (झाकणाच्या सांध्यातली पातळ चकती) सिलिकॉनचा जाड थर लावला, आणि दाबल्यावर तो आत सांडला. केरसुणीच्या काडीने सगळा तुकडा अलगद बाहेर ओढला. आत ढकलला असता तर तेलात फिरत राहिला असता. सियागंज बाजारातून कागदी गॅस्केट आणलं आणि झाकण बसवलं.

त्यानंतर दर रविवारी १५ मिनिटं चालवते. परवा डबा उघडला, कागद कोरडा आणि पांढरा होता. नळीच्या तोंडाला बोट लावलं, फक्त ओशट लागलं. अक्षय तृतीयेच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे.