ग्लायडर: उजवा पंख बॅगेतून बाहेर, कार्बन फक्त स्पारला

दोन मीटरच्या रेडिओ-कंट्रोल मॉडेल ग्लायडरचा उजवा पंख व्हॅक्युम बॅगेतून (हवा काढून घेऊन थर दाबून धरणाऱ्या पिशवीतून) निघाला. गाभा एक्सपीएस फोमचा (थर्मोकोलचा घट्ट भाऊ), हॉट वायरने कापलेला. वर रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड, कार्बन फक्त स्पारला, म्हणजे पंखाच्या लांब कण्याला.

सगळाच पंख कार्बनचा का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. पैसे हे एक कारण आहेच. पण मुळात पंख वाकतो तेव्हा वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि तो भार स्पारच्या दोन पट्ट्या घेतात. तिथे लांबीने जाणारे कार्बनचे धागे पैसे वसूल करून देतात. कातडीने, म्हणजे बाहेरच्या कापडाच्या थराने, पीळ अडवला की झालं. काचेचं कापड ४५ अंशांत तिरकं टाकलं की भागतं. शिवाय कार्बनच्या डब्यात २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर ठेवला की रेंजची वाट लागते, म्हणून नाकही काचेचंच.

सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना आल्यापासून बडोद्यात प्रत्येकजण विमानतज्ज्ञ झालाय. आमच्या सोसायटीतले काका म्हणाले, "सी-२९५सारखं कार्बनचं कर की!" काका, त्याचा सांगाडा मुख्यतः धातूचा आहे. कार्बन हवा तर बोइंग ७८७ बघा, वजनाने निम्मं कॉम्पोझिट. पण त्यातलं प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड) उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये जपायचं, मग ऑटोक्लेव्ह या बंद भट्टीत सुमारे १८० अंशांवर दाबाखाली पिकवायचं. कापडाइतकीच त्याची बडदास्तही महाग. माझंही छोट्या प्रमाणात तेच: पील प्लाय (शेवटी सोलून काढायचं कापड), ब्रीदर (हवा जाऊ देणारा थर), बॅगेची फिल्म, सील टेप, बहुतेक सगळं एकदा वापरून कचऱ्यात.

रेझिनचं म्हणाल तर इथल्या उन्हाळ्यात पहाटेच हात घालावा. तापमान दहा अंशांनी वाढलं की पॉट लाइफ (मिसळलेलं रेझिन वापरता येईल तेवढा वेळ) साधारण निम्मं होतं, आणि कपात साचलेला घोळ स्वतःच्याच उष्णतेने भडकतो. स्लो हार्डनर (रेझिन सावकाश घट्ट करणारं द्रव्य) घ्या, मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओता. पावसाळ्यात वेगळा ताप: दमट हवेत एपॉक्सीवर, म्हणजे याच रेझिनवर, मेणचट साय धरते, तिच्यावर रंग टिकत नाही. आधी पाण्याने धुवा, मगच पॉलिशपेपर मारा. उलट केलंत तर ती साय आत घासली जाते. पील प्लाय असेल तर ती त्याच्याबरोबरच निघते.

डावा पंख पुढच्या रविवारी. फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) बिजागरीला पील प्लायची पट्टी घालू की सिलिकॉन भरू? दोन्ही वापरलेल्यांनी सांगा.