आकडी आणि काठी

सोमवार, रात्री पावणेदहा

आज यांच्या डायलिसिसचा दिवस. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. हा चौदावा महिना. तिसऱ्या तासाला बीपी खाली गेलं आणि पायात गोळा आला. सिस्टर धावत आली, मशीनवर काहीतरी कमी-जास्त केलं. मी पोटरी दाबत बसले. यांच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. दाबता दाबता मी तोंडातल्या तोंडात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणत होते. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं, आता श्वासासारखं आपोआप येतं. 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस. तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.'

आज 'आकडी' या शब्दापाशीच अडकले.

बहात्तरच्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, विहिरींचे तळ दिसत होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. आमच्या तीन शेळ्या होत्या. दादा त्यांना घेऊन ओढ्याकाठच्या बाभळींकडे जायचे, मी मागे मागे. खालचा पाला केव्हाच संपलेला. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून माना ताणायच्या, तरी वीतभर कमीच पडायचं. मग दादा लांब बांबूची आकडी वर घालून फांदी ओढायचे. तोडायचे नाहीत. उद्याही तीच फांदी लागणार होती. ती वाकवून, खांद्याला टेकू देऊन, शेळ्यांचं खाऊन होईपर्यंत तसेच उभे राहायचे. मानेवर काटे लागून रेघोट्या उठलेल्या असायच्या. रात्री आई त्यांवर खोबरेल लावायची, ते मला अजून दिसतं.

भटकलेलं मेंढरू आकडीने मागे ओढतात, असं उपदेशात ऐकलं आहे. तेही खरंच असेल. पण मला आज दादांचीच आकडी दिसली.

कारण गेल्या वर्षी माझंही वीतभर कमीच पडत होतं.

यांच्या हातातला पहिला फिस्टुला एका रात्रीत बंद पडला. फिस्टुला म्हणजे मनगटापाशी शीर आणि धमनी जोडून केलेली वाट. बोट ठेवलं की आत भुंगा गुणगुणावा तशी थरथर लागते. त्या पहाटे बोट ठेवलं, काहीच लागलं नाही. मी दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं. मग मानेत नळी, ताप, नवीन ऑपरेशन. त्याच आठवड्यात घरी भेटायला आलेल्या एकांनी निघताना सांगितलं, "ताई, कुठेतरी विश्वास कमी पडतोय." वाक्य साधंच, पण त्यानंतर तीन आठवडे मला प्रार्थना करता आली नाही. गुडघे टेकायचे आणि रिकामी उठायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आज इथे लिहिते आहे.

नवीन फिस्टुल्यासाठी पुण्याला जाताना गाडी केडगाववरून गेली. आमचं नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या पुढचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. खिडकीतून स्टेशनची पाटी दिसली आणि मी मनात हिशोब मांडायला लागले. दुष्काळात बाईंचे आई-वडील गेले. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये बाप्तिस्मा. त्यानंतरच्या दुष्काळात शेकडो मुलींना आसरा दिला, हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. आणि 1921 मध्ये तीच मनोरमा आईच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, तोवर हातातलं भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. या बाईचा विश्वास कुठे कमी पडला होता? बायबलमधल्या प्रेषित पौलानेही शरीरातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे,' एवढंच उत्तर मिळालं. पौलाला कमी विश्वासाचा कोण म्हणेल? केडगाव मागे पडल्यापासून छातीवरचं ओझं हलत होतं. हडपसर येईपर्यंत मला रडू फुटलं. चांगलं मोकळं रडू.

त्या तीन आठवड्यांत चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी रोज सकाळी नऊला यायच्या. "सलाम" म्हणायच्या आणि विळी घेऊन बसायच्या. यांना पोटॅशियम चालत नाही. भाजी बारीक चिरायची, पाण्यात भिजत घालायची, उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मगच फोडणी. एका भाजीला दीड तास जातो. मावशींनी एकदाही उपदेश केला नाही, वचन ऐकवलं नाही. बटाटे चिरता चिरता पुटपुटायच्या, कान दिला तर माझं नि यांचं नाव ऐकू यायचं. माझ्याच्याने होत नव्हती ती प्रार्थना त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून करत होत्या. फांदी वाकवून धरली होती त्यांनी. आज पोटरी दाबताना हे उमगलं आणि हात क्षणभर थांबला.

हे म्हणाले, "का गं थांबलीस?"

"काही नाही. दादा आठवले."

बरं वाटेल की नाही, किडनी मिळेल की नाही, याबद्दल प्रभूने मला काही सांगितलेलं नाही. मी विचारते, रोज विचारते. पण 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणताना मी आता 'आज'वर थोडी थांबते. आजचा पाला तोंडाशी आला. उद्याची फांदी झाडावर आहे, तिथेच असू दे.

आता दिवा मालवण्याआधीचं शेवटचं काम. यांचा हात मांडीवर घेतला, दोन बोटं मनगटावर ठेवली, डोळे मिटले. आम्हा दोघांची गृहभक्ती हल्ली अशीच होते, बिनशब्दांची.

"लागतंय का?"

"लागतंय."

"आमेन," हे म्हणाले आणि कुशीवर वळले.