तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएन्नातला एकट्याचा शेवटचा दिवस

प्रश्न ठरलेला असतो. "व्हिएन्नाहून फ्लाइट रात्री साडेनऊची, चेकआउट सकाळी अकराला, बरोबर कुणी नाही. मधल्या वेळात काय काय बघून होईल?" मी "एखादी गोष्ट होईल" म्हटलं की समोरचा चेहरा पडतो. मग पुढचं वाक्यही ठरलेलं: "एवढे पैसे भरून जायचं आणि आख्खा दिवस वाया घालवायचा?" तर आता एकदाच सविस्तर सांगते. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हेच पाठवून देईन.

आधी तास मोजा. साडेनऊची फ्लाइट आणि टॅक्स रिफंड घ्यायचा असेल, तर सहाला विमानतळावर हवं. म्हणजे पाचला शहरातलं सगळं आटोपलेलं. अकरा ते पाच, सहा तास. त्यातून बॅग ठेवणं, परत ताब्यात घेणं, जेवणं वजा करा. हातात चार तास राहिले तर नशीब. आख्खा दिवस म्हणतात तो हाच.

आता बॅग. दोघं-तिघं मिळून फिरणाऱ्यांना हा मुद्दाच कळत नाही, कारण एक जण सामानापाशी बसतो आणि दुसरा तिकीट काढून येतो. एकट्या माणसाला टॉयलेटला जायचं तरी वीस किलोचं धूड बरोबर. स्टेशनवर नाणं टाकून जायच्या टॉयलेटच्या गेटातून ती बॅग आत ओढताना सगळी युरोप ट्रिप आठवते. शेजारच्या बाईंना "जरा लक्ष ठेवता का" म्हणायची आपली सवय तिथे नको. बेवारस बॅग दिसली की पोलिसांना कळवतात, आणि त्या बाईंची गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणून शेवटच्या दिवशी कुठे जायचं हे गाइडबुक ठरवत नाही, बॅग ठरवते. हॉटेल असेल तर चेकआउटनंतर बॅग बहुधा फुकट ठेवून घेतात. पण छोट्या पेन्शनमध्ये (तिकडे घरगुती लॉजला पेन्शन म्हणतात) रिसेप्शनवर दिवसभर माणूस असेलच असं नाही. चारला बॅग घ्यायला गेलात आणि दाराला कुलूप, ही खरी पंचाईत. आदल्या रात्रीच विचारा, किती वाजेपर्यंत माणूस असतो आणि नसला तर आत कसं शिरायचं. भाड्याचं अपार्टमेंट असेल तर सरळ हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य स्टेशन. तिथे लॉकर आहेत, लहान-मोठ्या मापांचे, जास्तीत जास्त २४ तासांसाठी. सुट्टीच्या मोसमात मोठे लॉकर आधी भरतात, त्यामुळे अकराची वाट न बघता लवकर निघा. लॉकर उघडायचा कोड किंवा पावती मिळेल, तिचा फोटो काढा आणि कोड कागदावरही लिहा. तिकीट, बोर्डिंग पास, नकाशा आणि कोड सगळं एकाच फोनमध्ये असलं आणि त्याची बॅटरी गेली, तर फोन उसना द्यायलाही बरोबर कुणी नाही.

बॅग मुख्य स्टेशनवर असेल तर वरचं बेल्व्हेडेर, म्हणजे राजवाड्यातलं चित्रसंग्रहालय, तिथून चालत पंधरा मिनिटांवर. क्लिम्टचं 'द किस' हे चित्र तिथेच आहे, १९०७-०८ मधलं. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधी ऑनलाइन काढा. संध्याकाळी त्याच स्टेशनवरून रेलजेट ही जलद गाडी पकडलीत की पंधरा-वीस मिनिटांत विमानतळ. बॅग विएन मिटे स्टेशनच्या आसपासच्या हॉटेलात असेल तर तिथून एस-७ लोकल, साधारण पंचवीस मिनिटं. विएन मिटेहूनच सुटणारी कॅट ही हिरवी गाडी सोळा मिनिटांत पोचवते, तिचं तिकीट मात्र वेगळं आणि कितीतरी महाग. शहराचा पास तिच्यावर चालत नाही. नऊ मिनिटं वाचवायला एवढे पैसे द्यायचे तर द्या, पण मला सांगू नका. रुळांच्या कामांसाठी गाड्या वळवतात, रद्दही करतात, तेव्हा त्या दिवसाचं वेळापत्रक सकाळीच बघा.

तिकिटाची एक बारीक गोष्ट. २४ तासांचा पास स्टॅम्प केल्या मिनिटापासून मोजला जातो. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला स्टॅम्प केलात तर शेवटच्या दिवशी पाचपर्यंत तोच चालतो. विमानतळ मात्र शहराच्या झोनबाहेर आहे, पुढच्या टप्प्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. स्टॅम्प न केलेलं कागदी तिकीट म्हणजे विनातिकीटच. आणि तिकडचे टीसी साध्या कपड्यांत असतात.

"विमानतळाच्या वाटेतच आहे, उतरून बघून घेऊ" ही कल्पना सेंट्रल फ्रीडहोफ या दफनभूमीच्या बाबतीत सगळ्यांना सुचते. बेटहोफन, शुबर्ट, ब्राम्स हे संगीतकार एकाच वर्तुळात, आणि भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनच्या थडग्यावर त्याचं एन्ट्रॉपीचं सूत्र कोरलेलं. एस-७ वर त्याच नावाचं स्टेशनही आहे. पण ही १८७४ साली उघडलेली, जवळपास अडीच चौरस किलोमीटरची दफनभूमी आहे, आणि ते स्टेशन मुख्य दरवाजापासून लांब पडतं. संगीतकारांकडे जायचं तर ७१ नंबरची ट्राम घेऊन दोन नंबरच्या गेटला उतरायचं. चाकांची बॅग घेऊन तर मुळीच नाही. जायचंच असेल तर सकाळी, रिकाम्या हाताने, आणि मग दुसरं काही नाही.

मला विचाराल तर कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधला ब्रॉयगेल या चित्रकाराचा एक कक्ष. मोठी बॅग क्लोकरूममध्ये घेत नाहीत, पाठीवरची सॅक ठेवतात. उन्हाळा सोडला तर सोमवारी बंद. ब्रॉयगेलची चित्रं जगात सगळ्यात जास्त इथेच, आणि कक्षाच्या मधोमध बसायला जागा. 'हंटर्स इन द स्नो' (१५६५) समोर बसा. तीन शिकारी, मान खाली घातलेली कुत्री, आणि एवढ्या सगळ्यांत मिळून एकाच्या पाठीवर लटकलेला एक कोल्हा. डावीकडे खानावळीची पाटी एकाच हुकावर लोंबकळतेय, हे घाईत असलेल्या माणसाला दिसतच नाही. ग्रुपबरोबर असाल तर इथे पाच मिनिटंही मिळत नाहीत. एकट्याला अर्धा तास बसता येतं आणि कुणी "झालं का?" विचारत नाही.

रविवार असेल तर खरेदीचं नावच काढू नका. ऑस्ट्रियात दुकानं रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बंद असतात, शनिवारी संध्याकाळी सहालाच शटर पडतं. मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची किराणा दुकानं तेवढी उघडी. "शेवटच्या दिवशी घेऊ" म्हणून चॉकलेटं मागे ठेवलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं. खरेदीतला दुसरा सापळा म्हणजे बर्फ पडणारा काचेचा गोळा. तो १९०० च्या सुमारास याच शहरात एर्विन पेर्झी यांनी बनवला, म्हणून लोक हौसेने घेतात, फुटेल म्हणून हातातल्या बॅगेत ठेवतात, आणि सिक्युरिटीला तो जातो. आत पाणी आहे, १०० मिलिलिटरच्या वर, संपलं. जर्दाळूचा जॅम आणि भोपळ्याच्या बियांचं तेलही त्याच नियमात अडकतात. तिन्ही वस्तू कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच.

आता ज्याने लोकांचा शेवटचा दिवस सगळ्यात जास्त नासतो ते: टॅक्स रिफंडचा शिक्का. एकाच बिलावर ७५ युरोंपेक्षा जास्त खरेदी असेल, तर युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्याला व्हॅट परत मिळतो. फॉर्म दुकानातच, पासपोर्ट दाखवून घ्यायचा, नंतर मिळत नाही. दर २० टक्के असला तरी वीस टक्के हातात येत नाहीत. १२० युरोंच्या वस्तूत कर २० युरो, म्हणजे किमतीचा सहावा हिस्सा, आणि त्यातून रिफंड कंपनी आपला वाटा कापते. रोख घेतलंत तर आणखी कापते. कार्डावर घ्या.

विमानतळावर काय होतं ते बघा. एकटा माणूस, मागे लांब रांग, चेक-इन काउंटर. बॅग पट्ट्यावर ठेवली, टॅग लागला, बॅग आत गेली. हलकं वाटलं. मग फॉर्म घेऊन कस्टमकडे. खिडकीतला माणूस विचारतो, "वस्तू कुठे आहेत?" वस्तू बॅगेत, बॅग पोटात. शिक्का नाही. शिक्का नाही म्हणजे फॉर्म रद्दीत. भांडून उपयोग नसतो. माल युनियनबाहेर चाललाय हे बघणं हेच त्याचं काम आहे, आणि बघायला तुमच्याकडे काही नाही. क्रम असा: चेक-इनला गेल्या गेल्या, बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आधी सांगा की आत टॅक्स-फ्री माल आहे. ते टॅग लावून बॅग परत देतात. ती घेऊन कस्टमला जायचं, विचारलं तर वस्तू दाखवायच्या, शिक्का घ्यायचा, आणि मग बॅग सोडायची. माल बॅगेत सगळ्यात वर, एका पिशवीत, न वापरलेला, मूळ बिलं फॉर्मला जोडलेली. नाव, पत्ता, पासपोर्ट नंबर आणि सही घरूनच भरून ठेवा. मशीनवर स्कॅन करून काम झालं तर उत्तम, पण "दाखवा" म्हणाले तर दाखवावंच लागतं. विएन मिटेला कॅटच्या काउंटरवर काही एअरलाइन्सची बॅग आधीच देता येते, ती सोय याच कारणासाठी रिफंडवाल्यांच्या कामाची नाही.

आणि वाटेत विमान बदलत असाल तर कोडं वाढतं. दुबई, दोहा, इस्तंबूलमार्गे असाल तर सगळं व्हिएन्नातच. फ्रँकफर्टमार्गे, बॅग थेट मुंबईपर्यंत: बॅगेतल्या मालाचा शिक्का व्हिएन्नात, हातातल्या मालाचा फ्रँकफर्टला. झुरिकमार्गे असाल तर नीट वाचा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर, आपसात पासपोर्ट तपासणीशिवाय फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) आहे पण युनियनमध्ये नाही. त्यामुळे पासपोर्टची तपासणी झुरिकला, पण कस्टमचा शिक्का बॅगेतल्या आणि हातातल्या दोन्ही मालांचा व्हिएन्नातच. झुरिकला पोचल्यावर हे कळलं तर उपाय नाही. पासपोर्टचंही तसंच: १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद सुरू झाली, तेव्हा तिथल्या रांगेवर भरवसा ठेवून तासाभराचं कनेक्शन घेऊ नका.

एवढ्या कटकटीत पंधरा-वीस युरो मिळणार असतील तर सोडून द्या, असं मी पूर्वी बिनधास्त सांगायचे. आता सांगत नाही. घड्याळ किंवा हँडबॅग घेतलेल्या माणसाचे दीडशे युरो असू शकतात, ते मी कशाला सोडायला सांगू? पण मग त्या दिवसाचा दीड तास त्या खिडकीला वाहायचा, आणि वर "दिवस पुरला नाही" म्हणायचं नाही.

आणि एक गोष्ट मी सहसा सांगत नाही. माझा हा सगळा 'एकच गोष्ट करा' सल्ला घड्याळाचा आहे, तसाच दुपारी चारच्या सुमाराचाही आहे. परतीची वेळ जवळ आलेली, बघायचं संपलेलं, आणि जे बघितलं ते सांगायला टेबलावर कुणी नाही. आठवडाभर एकटं असण्याचा त्रास होत नाही, त्या तासाला होतो. कॉफीहाउस त्यावर बरं पडतं. एक मेलांज (फेसाळ दुधाची कॉफी) मागवली की बरोबर पाण्याचा ग्लास येतो, आणि दोन तास बसलात तरी वेटर बिल आणून ठेवत नाही, तुम्ही मागेपर्यंत. एकट्याने बसलेली माणसं तिथे कितीतरी असतात. पण यानेही भागतंच असं नाही, आणि ज्यांना भागत नाही त्यांनी पळत राहणं मला समजतं.

म्हणून स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचा प्रश्न मी अजून पूर्ण खोडून काढू शकलेले नाही. "रेल्वेने एक तास, दुसऱ्या देशाची राजधानी, का नको?" का नको याचं माझं उत्तर पाठ आहे: परतीची गाडी चुकली किंवा रद्द झाली तर तुमच्या वतीने बॅग काढून विमानतळावर आणणारं कुणी नाही. बरोबर आहे. पण सकाळी साडेसातला मुख्य स्टेशनवर लॉकरमध्ये बॅग टाकून आठच्या सुमाराची गाडी पकडली, दीडपर्यंत परत निघालात, आणि टॅक्स रिफंडचा फॉर्म एकही नसला, तर गणित बसतं. हॉलस्टाट या सरोवराकाठच्या गावाचं बसत नाही, जायलाच तीन तासांवर लागतात, ते कृपा करून विचारू नका. ब्रातिस्लाव्हाला जायचंच असेल तर पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवू नका, सीमा ओलांडताय. आणि खिशातली युरोची नाणी तिकडेच खर्च करून या, तिथेही युरोच चालतो आणि मुंबईत नाणी कुणी बदलून देत नाही.